मानसशास्त्राचे संप्रदाय: त्यांच्या समोर कोण बसलं होतं?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. मी मालवण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीच्या फळ्यावर नेहमीचा तक्ता काढला. रचनावाद, कार्यवाद, मनोविश्लेषण, वर्तनवाद, समष्टिवाद, मानवतावाद, बोधनिक. पुढे संस्थापकाचं नाव, त्यापुढे साल. देवबागहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, म्हणजे पहिला चुकला म्हणून दुसरा आला, दुसरा चुकला म्हणून तिसरा. मग शेवटचा तेवढा बरोबर ना?" घंटा व्हायला आली होती. मी घाईत "साधारण तसंच" म्हणाले आणि वर्गाबाहेर पडले. एसटीत बसल्यापासून ते उत्तर मला डाचतंय, कारण ते खरं नाही. तिला द्यायला हवं होतं ते उत्तर इथे लिहिते आहे. भर घाला, चुकलं तर सांगा.

माझं म्हणणं असं. संप्रदायाची व्याख्या पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारावा: या माणसाच्या समोर कोण बसलं होतं? ज्याला समोर बसवलं, त्याच्याबद्दलचं काहीतरी खरं त्या संप्रदायाला सापडलं. पुढे तेच सगळ्या मनुष्यजातीला लावायला गेले, तिथे भांडणं सुरू झाली.

विल्हेल्म वुंट, लाइपझिग, १८७९. प्रयोगशाळेत समोर बसलेले बहुतेक त्याचे विद्यार्थी आणि सहकारीच. मेट्रोनोमचे, म्हणजे ठराविक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राचे, ठोके ऐकायचे आणि मनात नेमकं काय उमटलं ते सांगायचं. दिवा दिसला की बटण दाबायचं, मध्ये किती वेळ गेला तो मोजायचा. त्याचा शिष्य टिचनर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला आणि त्याने या कामाला रचनावादाचं रूप दिलं: अनुभवाचे सुटे घटक शोधायचे. त्याच्यासमोर बसायला आधी तालीम लागे. सफरचंद दिसलं तर "सफरचंद" म्हणायचं नाही. रंग, आकार, चकाकी एवढंच बोलायचं. लहान मूल, मनोरुग्ण, प्राणी यांना ही तालीम देता येत नाही, म्हणून ते सगळे या पद्धतीबाहेर राहिले.

आणि मग ही पद्धत अडली कुठे? वुर्झबुर्गला क्यूल्पेच्या प्रयोगशाळेतले लोक सांगू लागले की विचार करताना कधीकधी डोक्यात कुठलंच चित्र नसतं. कॉर्नेलचे लोक म्हणाले, असतंच, तुम्ही नीट पाहिलं नाही. आता निवाडा कोण करणार? जो तो आपल्याच डोक्यात बघतोय. दुसऱ्याला तिथे डोकावता येत नाही.

पण तक्त्यात वुंटवर एक अन्याय होतो आणि तो मला फार लागतो. प्रयोगशाळेत सगळं मन सापडेल असं तो म्हणालाच नव्हता. भाषा, पुराणकथा, चालीरीती या गोष्टी एकट्या माणसाला खुर्चीत बसवून कळणार नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. त्यासाठी त्याने १९०० ते १९२० या काळात लोकमानसशास्त्राचे १० खंड लिहिले. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एक जण बोलतो आणि सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणतो. त्या क्षणी त्या जमावातल्या माणसाच्या मनात काय होतं, ते मेट्रोनोमने मोजता येणार नाही हे वुंटला पक्कं माहीत होतं. पाठ्यपुस्तकाने मेट्रोनोम ठेवला आणि १० खंड गाळले.

कार्यवादातल्या विल्यम जेम्सचं थोडक्यात. डार्विन वाचलेला माणूस. मन कशाचं बनलंय यापेक्षा मन कशाच्या उपयोगी पडतं, हा त्याचा प्रश्न. १२ वर्षं खपून १८९० मध्ये त्याने आपला मोठा ग्रंथ पुरा केला. मनाचे सुटे मणी नसतात, ते सलग वाहतं, असं तो म्हणाला. खाडीकाठी राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग व्हिएन्ना, फ्रॉइड आणि त्याचं मनोविश्लेषण. इथे समोर बसलेली, खरं तर आडवी झालेली, माणसं दुखणाईत होती. पहिली रुग्ण फ्रॉइडची नव्हतीच, ती त्याचा ज्येष्ठ मित्र ब्रॉयर याची. १८८० ते १८८२. पुस्तकांत तिचं नाव 'अ‍ॅना ओ.' येतं, खरं नाव बर्था पापेनहाइम. वडिलांच्या आजारपणात शुश्रूषा करता करता तिचा हात लुळा पडला, मातृभाषा जर्मन बोलता येईना, इंग्रजीत बोलू लागली. बोलून मोकळं झालं की तिला बरं वाटे. 'बोलण्याचा उपचार' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही, तिने दिलं. धुराडं झाडण्याची उपमाही तिचीच. पुढे ती जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांच्या चळवळीची मोठी कार्यकर्ती झाली, १९०४ मध्ये त्यांची संघटना उभी केली. वर्गात मी तिला फक्त 'एक रुग्ण' म्हणून शिकवत आले. यापुढे तसं शिकवणार नाही.

वर्तनवादाचं उद्या लिहिते, आता वीज गेली आहे.

तर्कट

ताई, लिहिलंय छान, पण फ्रॉइडला फार मऊपणे घेतलंत. तुमच्याच प्रश्नाने मोजू. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर तरुणपणी, १९१९ मध्ये, व्हिएन्नात आल्फ्रेड अ‍ॅडलरसोबत काम करत होता. अ‍ॅडलर आधी फ्रॉइडच्या गोटातला, मग वेगळा झालेला. पॉपरने त्याला एका मुलाची हकिगत सांगितली. ती अ‍ॅडलरच्या सिद्धांतात बसत नाही असं पॉपरला वाटलं होतं. अ‍ॅडलरने क्षणात न्यूनगंड लावून उलगडा केला. मुलाला त्याने पाहिलंही नव्हतं! एवढी खात्री कशी, असं विचारल्यावर उत्तर आलं: हजार अनुभवांवरून. पॉपर म्हणाला, आता या नव्या प्रकरणाने ते हजार आणि एक झाले असतील.

म्हणजे समोर कोणी बसलंच नव्हतं आणि निदान तयार होतं. कशानेही खोटं ठरू शकत नाही अशा सिद्धांताला विज्ञान म्हणायला मी तयार नाही. आपल्याकडे अंगात येतं त्याला आजही दोनच उत्तरं मिळतात, देवाचं किंवा भुताचं. तिसरं उत्तर द्यायचं तर ते तपासता येणारं हवं.

खाडीकाठची

तर्कट, पॉपरचा मुद्दा मला मान्य आहे आणि वर्गात सांगतेही. ईडिपस गंडासाठी, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि वडिलांचा मत्सर असतो या फ्रॉइडच्या कल्पनेसाठी, मी भांडणार नाही. पण रुग्णाचं बोलणं तासन्‌तास ऐकून घ्यायचं, त्याच्या विसंगत बोलण्यातही काही अर्थ असेल असं धरून चालायचं, हे त्या काळच्या वैद्यकात नव्हतं. १८९५ चं ब्रॉयर-फ्रॉइडचं पुस्तक वाचलं की ते जाणवतं. सिद्धांत पडला तरी ती सवय पुढच्या सगळ्यांनी ठेवली. विरोधकांनीही.

आता वॉटसन. १९१३ मध्ये त्याने जाहीर करून टाकलं की मानसशास्त्राने मनाचं नावच घेऊ नये. दिसतं तेवढंच वर्तन अभ्यासावं. हा माणूस उंदरांवर काम करून पुढे आलेला होता. उंदराला "आत काय वाटतंय" विचारता येत नाही, तरी उंदीर शिकतो हे दिसतं. कॉर्नेल आणि वुर्झबुर्गचं न मिटणारं भांडण समोर असताना त्याची चीड मला समजू शकते. रशियात पाव्हलॉव्हचे, खाण्याआधीच्या खुणेलाच लाळ गाळायला शिकलेले, कुत्रे होतेच. त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनसंस्थेच्या कामासाठी, मुलं इथे हमखास चुकतात.

मग १९२० मध्ये वॉटसन आणि रोझाली रेनर यांच्यासमोर एक बाळ बसलं. अल्बर्ट, साधारण ११ महिन्यांचं. पांढऱ्या उंदराला ते न घाबरता हात लावायचं. त्याने हात लावला की मागे पोलादी कांबीवर हातोडा मारायचा. काही वेळांतच ते नुसता उंदीर बघून रडू लागलं, मग ससा बघूनही. ती भीती काढून न टाकताच बाळाला नेलं गेलं. दरवर्षी हे शिकवताना माझा आवाज बदलतो.

म्हणून लगेच मेरी कव्हर जोन्सचं नाव घेते. १९२४. तिच्यासमोर पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा होता, सशाला घाबरणारा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यातून लांब ठेवला आणि रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. तोच वर्तनवाद, तेच तत्त्व, फक्त समोरच्या मुलाचं काय व्हावं हा विचार वेगळा. बारावीच्या किती मुलांना तिचं नाव माहीत असतं?

गरवणारा

ताई, वर्तनवादातल्याच स्किनरबद्दल मी लिहू का? मी बँकेत नोकरीला आहे, पण रविवार कर्ली खाडीत गरी टाकण्यात जातो. सुंगटं लावून बसायचं. कधी पहिल्याच फेकीला तांबोशी लागते, कधी सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत नुसती शेंगटी. तरी उठवत नाही. बायको विचारते, काही मिळत नाही तर बसता कशाला? हेच उत्तर मला स्किनरमध्ये सापडलं. दर खेपेला मिळालं असतं तर एक दिवस मिळायचं थांबल्यावर मी लगेच उठलो असतो. केव्हा मिळेल याचा नेम नाही, म्हणून हात सुटत नाही.

हे त्याला कसं सापडलं तेही सांगण्यासारखं आहे. उंदरांना द्यायच्या खाण्याच्या गोळ्या तो हाताने बनवायचा. एका शनिवारी लक्षात आलं की गोळ्या सोमवारपर्यंत पुरणार नाहीत. मग उंदराने दांडी दाबली की दर वेळी गोळी न देता मिनिटाला एकच द्यायला लागला. उंदीर काही थांबले नाहीत. पुढे फर्स्टरबरोबर कबुतरांवर वर्षानुवर्षं काम करून १९५७ मध्ये या वेळापत्रकांचं जाडजूड पुस्तक काढलं. मटक्याचा आकडा लावणारा आणि मोबाइल पुन्हा पुन्हा उघडून बघणारा, दोघेही त्या कबुतराचे भाऊबंद. मटक्यात घर गेलेलं मी जवळून पाहिलंय, म्हणून हे शाळेत शिकवावं असं मनापासून वाटतं.

काळी चार

माका पेटयेतला कळता, म्हणान त्या बाजून लिवतंय. पुढचं सगळ्यांना समजेल असं प्रमाण मराठीत लिहितो.

मी कुडाळकडे भजनात पेटी वाजवतो. डबलबारीला बुवा काळी चारमध्ये गजर उचलतो. दुसऱ्या दिवशी घसा बसला की तोच गजर पांढरी दोनमध्ये. प्रत्येक सूर आपल्या जागेवरून सरकला, माझी बोटं दुसऱ्याच पट्ट्यांवर पडली. पण ऐकणारा म्हणतो, कालचाच गजर. मग चाल आहे कुठे? सुरांत असती तर सूर सरकल्यावर गेली असती. १८९० मध्ये एरेनफेल्स नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने नेमकं हेच लिहिलं. समष्टिवादाचं, म्हणजे अख्खं हे तुकड्यांच्या बेरजेहून वेगळं असतं या विचाराचं, बी तिथे आहे. माझ्या मुलीच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी पेटी काढून तिला दोन्ही पट्ट्यांत वाजवून दाखवलं.

पुढे वर्दायमर. सांगतात की १९१० मध्ये तो आगगाडीने सुट्टीला निघाला होता. वाटेत फ्रँकफर्टला उतरला, खेळण्यातलं चित्र हलवणारं यंत्र विकत घेतलं आणि खोलीवर बसून प्रयोग सुरू केले. दोन रेषा आळीपाळीने दाखवायच्या. मधलं अंतर साधारण ६० मिलिसेकंद ठेवलं की एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. अंतर २०० केलं तर एकामागून एक दोन दिसतात, ३० केलं तर दोन्ही एकदम. सरकताना जी दिसते ती हालचाल कागदावर कुठेच नाही. समोर बसलेले कोण? कोहलर आणि कॉफ्का, पुढचे त्याचे दोन सहकारी. १९१२ चा हा निबंध.

टिचनर म्हणणार घटक सुटे करा. हे म्हणणार, सुटे केलेत की चालच गेली.

खाडीकाठची

बुवा, तुमचं हे मी वर्गात वापरणार, पेटीसकट!

कोहलरचं थोडं जोडते, कारण माझा मुद्दा त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. अमेरिकेत थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडलं होतं. मांजर धडपडतं, चुकून खिट्टी सरकते, हळूहळू शिकतं. निष्कर्ष: प्राणी चुकतमाकत शिकतो. कोहलर १९१३ मध्ये टेनेरिफ बेटावर गेला आणि महायुद्धामुळे तिथेच अडकला. त्याच्यासमोर चिंपांझी होते. सुलतान नावाच्या चिंपांझीने दोन काठ्या एकमेकींत खोचून लांबचं केळं ओढलं, एकदम उमगल्यासारखं. कोहलर म्हणाला, थॉर्नडाइकच्या मांजराला खिट्टीची रचना दिसतच नव्हती, ते धडपडणार नाही तर काय करणार? माझ्या प्राण्याला सगळं समोर दिसत होतं. म्हणजे कोण बसलंय एवढंच नाही, त्याला कसं बसवलंय यावरही उत्तर ठरतं.

आणि हा संप्रदाय चुकला म्हणून संपला नाही. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी आले, ज्यू प्राध्यापकांना काढलं. वर्दायमर देश सोडून न्यूयॉर्कला गेला. कोहलर ज्यू नव्हता, तरी त्याने त्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रात उघड निषेधाचा लेख लिहिला, आणि १९३५ मध्ये तोही गेला. अमेरिकेत तेव्हा वर्तनवादाचा अंमल. या समष्टिवाद्यांच्या हाताखाली शिष्यांची नवी पिढी तयार झाली नाही. देवबागच्या मुली, "चुकला म्हणून गेला" याचं उत्तर इथे आहे.

कलमवाला

देवगडात माझी कलमं आहेत. मला सरळ सांगा, आज डॉक्टर यातलं काय वापरतात? विचारायचं कारण आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमची जुनी कलमं आडवी झाली. धाकटा भाऊ त्यानंतर बोलायचाच बंद झाला. "आपलं संपलं, माझ्याच्यानं काही होणार नाही" एवढंच म्हणायचा. रत्नागिरीला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी त्याला वही दिली. मनात काय आलं, तेव्हा काय घडलं होतं, त्या विचाराला पुरावा काय, असं लिहायचं. आधी आम्हाला तो पोरखेळ वाटला. सात-आठ महिन्यांनी तो पुन्हा बागेत जाऊ लागला. ती वही कुठल्या संप्रदायाची?

राजापूरची सिस्टर

दादा, तुमचा भाऊ सावरला हे वाचून बरं वाटलं. मी परिचारिका आहे, काही वर्षं मानसिक आरोग्य विभागात काढली आहेत.

ती वही आरन बेक यांच्या वाटेची, बोधनिक उपचाराची, म्हणजे आपलेच विचार तपासून बघण्याच्या उपचाराची. बेक स्वतः मनोविश्लेषण शिकलेले होते. फ्रॉइडच्या मते खिन्नतेत राग स्वतःवर उलटलेला असतो. ते पुराव्याने सिद्ध करावं म्हणून बेक यांनी खिन्न रुग्णांची स्वप्नं तपासली. त्यात राग सापडेना. गमावलेलं, फसलेलं, नाकारलेलं, असंच पुन्हा पुन्हा सापडलं. मग त्यांनी रुग्णाचे जागेपणीचे विचारच ऐकायला घेतले. तर्कटांना हे आवडेल: फ्रॉइडचं म्हणणं फ्रॉइडच्याच शिष्यपरंपरेतल्या माणसाने तपासायला घेतलं आणि ते टिकलं नाही तेव्हा सोडलं. शिवाय त्या वहीबरोबर "रोज बागेत १० मिनिटं जा" असं सांगितलं असेल तर ते वर्तनवादाकडून आलेलं.

आणि बाईंनी त्याचं आधी ऐकून घेतलं असणार. ते मानवतावादी कार्ल रॉजर्सकडून. 'रुग्ण' म्हणणं सोडून त्यांनी समोरच्या माणसाला बरोबरीचा मान दिला, १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९४० च्या दशकात त्यांनी संमतीने उपचाराच्या बैठकी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तोवर बंद दाराआड काय बोललं गेलं हे उपचार करणारा सांगेल तेवढंच कळायचं. आता दुसऱ्यालाही ऐकता आलं.

वॉर्डात कोणी "मी अमुकवादी" म्हणत नाही. पण गप्प बसलेल्या माणसाशेजारी स्टूल ओढून बसताना मला रॉजर्स आठवतात, आणि तो आंघोळीला उठला की लगेच शाबासकी द्यायची हे स्किनरचं.

अकरावी कला

मॅडम, मीच ती. मैत्रिणीने धागा पाठवला. सगळा वाचला. दोन प्रश्न. वर्तनवाद मग कशाने मागे पडला? आणि या सगळ्यांत आपल्याकडचं कोणी कुणाच्या समोर बसलं होतं का?

खाडीकाठची

तू विचारलंस म्हणून हे सगळं लिहून झालं, बाळा.

पहिलं. सुरुंग उंदरांनीच लावला. टोलमन आणि हॉन्झिक, १९३०. काही उंदरांना चक्रव्यूहात १० दिवस नुसतं फिरू दिलं, खाणं नाही. ११ व्या दिवशी खाणं ठेवलं. लगेच ते रोज खाणं मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आले. म्हणजे बक्षीस नसतानाही ते शिकत होते, डोक्यात नकाशा तयार होता. तुझे बाबा खाडीच्या मुखातून होडी काढताना रेतीचा दांडा कुठे सरकलाय ते जाणतात, ते काय दर खेपेला बक्षीस मिळालं म्हणून? पुढे १९५६ मध्ये जॉर्ज मिलरने दाखवलं की एका वेळी आपण साधारण ७ गोष्टी मनात धरू शकतो. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाची चिरफाड केली: मूल कधी न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती कुठल्या बक्षिसातून आली? संगणक आलेच होते. १९६७ मध्ये नायसरने बोधनिक मानसशास्त्र या नावाचं पुस्तक लिहिलं.

दुसरं. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस. तिथल्या विद्यापीठात १९१६ पासून मानसशास्त्राचा वेगळा विभाग होता. बोसांनी फ्रॉइडला न भेटता १९२१ मध्ये दमनावरचा, म्हणजे नकोशा इच्छा मनात दाबून टाकण्यावरचा, प्रबंध लिहून व्हिएन्नाला पाठवला, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. पुढे त्यांनी फ्रॉइडला कळवलं की माझे भारतीय रुग्ण तुमच्या युरोपीय रुग्णांसारखे वागत नाहीत. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. आणि २०१० मध्ये जोसेफ हेनरिक आणि दोन सहकाऱ्यांनी लिहिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत समाजातल्या लोकांवरून, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून काढलेत. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं "नाही" असं आहे.

म्हणून एक करू या. केंब्रिजच्या बार्टलेटने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितली. १९३२ च्या पुस्तकात ते आहे. कथेतली वल्ह्याची डोंगी साधी होडी झाली, सील मारणं मासेमारी झालं. न समजलेलं गळलं, उरलेलं त्यांच्या ओळखीच्या जगासारखं झालं. हा प्रयोग आपल्या वर्गात करू.

काळी चार

ताई, दशावतारातलं एखादं आख्यान लिहून देऊ?

खाडीकाठची

नको बुवा. ते मुलांच्या हाडात मुरलेलं आहे. कथा अनोळखी हवी, तरच ती कुठे वाकते ते दिसेल. तुमचं आख्यान समुद्र न पाहिलेल्या मुलांना द्यायला हवं.

राजापूरची सिस्टर

माझी बहीण गडचिरोलीला शाळेत शिकवते. तिथल्या एखाद्या जंगलातल्या गोष्टीबद्दल विचारते, आणि बुवांचं आख्यान तिच्या मुलांना देऊ. दोन्हीकडे एकाच दिवशी वाचायला द्यायचं ना?

खाडीकाठची

हो. वाचल्यावर १५ मिनिटांनी पहिलं लेखन, मग आठवड्याने, मग महिन्याने. वह्या मध्ये कोणी बघायच्या नाहीत. बुवा, दीड पानाच्या वर नको आणि माणसांची नावं चारच ठेवा.